केरू खारविणीचा राग आणि नागोपंतांची दुरुस्ती यांची बखर

श्रीगजानन आणि शारदामाता ज्याच्या त्याच्या लेखणीस सांभाळोत, आणि वाचणारास धीर देवोत. शके सत्राशें सहा, क्रोधीनाम संवत्सर, आश्विन मास. ते समयीं एका राज्यात, ज्याचे नाव घेण्याची आम्हांस मनाई आहे, कादंबरीकारांची सदर भरत असे. आणि त्या सदरेचा डामडौल मोठा व समज बेताची. राज्याची रीत ऐसी होती की, ज्याने कादंबरी लिहिली त्याने ती प्रथम सदरेत वाचून दाखवावी. आणि सदरेचे मानकरी तरी कोण, तर ज्यांनी आधी कादंबऱ्या लिहिल्या तेच. मग वाचन पुरे जाहल्यावर एकेका मानकऱ्याने उठून हळदीच्या वाटीत बोट बुडवावे, आणि जेथे आपले मन उठले त्या पानावर ते टेकवावे, आणि दोष सांगावा व उपायही सांगावा. आणि लेखकाने उलट शब्द न काढता हरएक बोटास "कृपा जाहली" ऐसे म्हणावे. मग पुढील सदरेच्या आत सांगितल्याबरहुकूम दुरुस्ती करून आणावी, तरच सरकारी शिक्का मिळे. आणि शिक्का नसता राज्यातील एकही लेखनिक त्या ग्रंथाची नक्कल करू धजत नसे. ताजा घाव ताजाच शिवावा, ऐसे या रीतीचे समर्थन करीत. घाव घालणारानेच सुई हाती घ्यावी आणि घायाळाने तोंड भरून हसावे, ही कोठली वैद्यकी? परंतु विचारणार कोण!

त्या राज्यात नागोपंत शिखरे म्हणून पंतोजी होते. देवळाच्या ओवरीत पोरांची शाळा घेत. छडी ठेवीत, परंतु ती भिंतीवरील पाल हाकण्यापुरती. ज्या पोरास बेरीज येत नसे त्यास चिंचोके देऊन बसवीत, आणि येई तोंवर स्वतः समोर बसत, आणि कंटाळा म्हणून काय तो त्यांस ठाऊक नव्हता. एकच गोष्ट त्यांस सोसत नसे, ती भांडण. दोन पोरांची कट्टी जाहली तर शाळा सुटण्याच्या आत दोघांच्या करंगळ्या एकमेकींत अडकवून गट्टी करवीत, आणि मगच घरी सोडीत. ऐसे हे पंतोजी. त्यांनी बहुत वर्षे खपून एक कादंबरी सिद्ध केली. तीत केरू नामे खारवीण, बाप मेल्यावर खाडीत मिठाचा पडाव, म्हणजे मालाची मोठी होडी, चालविते. आणि तिचा सख्खा भाऊ चाकरीच्या लोभाने तो पडाव जकातदाराच्या पदरी घालतो आणि बहिणीस खाडीवरून हुसकून देतो. आणि पुढे जत्रेत भाऊ भेटून "चुकलो" म्हणतो, आणि केरू त्यास पेज वाढिते. ही केरू पंतांस पोटच्या लेकीसारखी. शिक्का न मिळाला तर ती त्यांच्या पेटीतच पडून राहणार, हे त्यांस पक्के ठाऊक होते.

मग वाचनाचा दिवस उगवला. सदरेचे मुख्य हैबतराव लोडास टेकून बसले, उजवीकडे उमाबाईसाहेब, डावीकडे तिमाजीशास्त्री. पंतांनी वाचावयास आरंभ केला. पडाव गेला तेव्हा सदर चिडीचूप होती. मग जत्रा आली आणि पेज आली, आणि तेथे हैबतरावांस डुलकी आली, आणि बाईसाहेब दासीस पैठणीचा काठ दाखवू लागल्या, आणि शास्त्रीबोवांनी पाणी मागितले. पंतांनी हे सारे पाहिले आणि वाचीत राहिले. वाचन संपताच हैबतराव जागे जाहले, आणि बोट बुडवून म्हणाले, "पंतोजी, हात चांगला आहे तुमचा. पण लढाई कोठे आहे? भावास येथे उभा कापा. रक्त वाहू द्या की जरा!" पंत बोलिले, "कृपा जाहली." मग उमाबाईसाहेब उठल्या. "अहो, एवढी तरणीताठी पोर, तिचे लग्न नको करायला? भाऊबीऊ राहू द्या बाजूला, येथेच एक देखणा शिलेदार आणा." पंत बोलिले, "कृपा जाहली." मग शास्त्रीबोवांनी बोट टेकिले आणि म्हणाले, "क्षमा हा विषय आला आणि त्यावर प्रवचन नाही? निदान वीस पाने तरी! माझ्या कादंबरीत पाहा." पंतांनी तिसऱ्यांदाही म्हटले, "कृपा जाहली". ज्यांनी अर्धे ऐकिले नाही त्यांनी पुरते शिकवावे, आणि ज्याने जन्मास घातले त्याने मान डोलवावी! यास न्याय म्हणावे तर अन्यायास काय म्हणावे?

पंत घरी आले ते पगडी भिरकावून बसले आणि आपल्या कुटुंबास, गिरजाबाईंस, म्हणाले, "एक अक्षर बदलणार नाही! काना नाही, मात्रा नाही!" गिरजाबाई म्हणाल्या, "बरं. मग शिक्का?" पंतांनी पगडी उचलून खुंटीस लाविली. मग दुसरे दिवशी शिक्क्याच्या भयाने लेखणी घेऊन बसले आणि भावास कापिले, आणि शिलेदार आणिला, आणि प्रवचनही घातले. आणि गिरजाबाईंस वाचून दाखविले. त्या माउलीने पदर तोंडास लाविला, परंतु हसू काही आवरेना. "अहो, भावाचं मढं दारात, नवरा घोड्यावर, आणि शास्त्रीबुवा मध्ये बसून कीर्तन करताहेत! आणि आपली केरू कुठाय हो?" पंतांनी ती पाने टराटरा फाडून चुलीत घातली आणि ओरडले, "त्या तिघांनी खाल्ली तिला!" गिरजाबाई म्हणाल्या, "त्यांनी सांगितलं असेल. लिहिलंत तुम्ही. आणि रागानं लिहिलेलं असंच होतं, आमटीत मीठ दोनदा पडल्यासारखं." पंतांस हे लागले, आणि ते न जेवता शाळेस गेले.

त्या दिवशी शाळेत चिमी आणि सोनकी या दोन पोरींचे भांडण जाहले. सोनकीने चिमीची बाहुली विहिरीत टाकिली होती. पंतांनी रिवाजाप्रमाणे दोघींस बोलाविले. "सोनके, काय म्हणायचं?" "चुकले." "चिमे, कर गट्टी." चिमीने करंगळी पुढे केली, गट्टी केली, आणि हात मागे घेऊन परकरास पुसला. पंत म्हणाले, "हे काय गं? झाली ना गट्टी?" चिमी म्हणाली, "तुम्ही म्हणालात म्हणून केली. माझी बाहुली अजून विहिरीतच आहे की!" पोरे हसली. पंत हसले नाहीत. त्यांनी चिमीकडे पाहिले, आणि त्यांस आपलेच तोंड दिसले, सदरेत तीन वेळा "कृपा जाहली" म्हणणारे. आणि त्यामागे केरू दिसली, पडाव गेलेली, घर गेलेली, आणि तरी भावास पेज वाढणारी. मग शाळा सोडून ते घरी आले आणि कादंबरीचे बाड उघडिले. तीन मानकऱ्यांचे तीन उपाय, एकाचा दुसऱ्याशी मेळ नाही. परंतु हळदीची तिन्ही बोटे एकाच पानावर, पेजेच्या ताटाभोवती! पंतांनी उपाय ऐकिले होते आणि त्यांवर संतापले होते, परंतु बोटे कोठे पडली हे पाहिले नव्हते. दुखते कोठे हे रोग्यास कळते, औषध कळत नाही. या तिघांचेही तैसेच. पंत मनात म्हणाले, केरूचे भांडणही मी शाळा सुटण्याच्या आत मिटविले. तिला राग येऊच दिला नाही.

मग पुढील सदर भरली. हैबतराव म्हणाले, "काय पंतोजी, आणली दुरुस्ती?" पंत उभे राहिले आणि म्हणाले, "नाही. दोष आहे, तो कबूल आहे. तुम्ही तिघांनी ज्या पानावर बोट ठेविले ते पान खोटे आहे. उपाय मात्र तिन्ही नामंजूर." सदरेत एकच कालवा जाहला. शास्त्रीबोवा म्हणाले, "हा उद्धटपणा!" उमाबाईसाहेब म्हणाल्या, "अहो, दोष कबूल आहे तर करा ना दुरुस्त. घोडं अडलं कुठे?" पंत म्हणाले, "बाईसाहेब, मी अजून संतापलेला आहे. आज लिहावयास बसलो तर तुम्हां तिघांस उत्तर लिहीन. केरूच्या मनातले लिहायचे तर माझ्या मनातले आधी निवले पाहिजे." हैबतराव म्हणाले, "मग निवणार केव्हा? मुहूर्त काढू काय?" सदर खोखो हसली. पंत म्हणाले, "तुमचे नाव निघाले असता माझे दात एकमेकांवर आवळले नाहीत, की समजेन." हैबतरावांचे हसू मावळले. ते म्हणाले, "म्हाताऱ्या माणसा, हट्ट पुरे. नुसते कृपा जाहली म्हणा, शिक्का देतो. दुरुस्ती मागाहून आणा." येथे पंतांचा जीव कासावीस जाहला. दोन शब्दांत केरू पेटीबाहेर येत होती. परंतु ते म्हणाले, "कृपा जाहली असती तर म्हटले असते," आणि बाड काखेत मारून चालू लागले. त्याच दिवशी सदरेने पंतांचे नाव खोडिले आणि शिक्का तिमाजीशास्त्र्यांच्या नव्या प्रवचनी कादंबरीस दिला. आणि शास्त्रीबोवांनी भर सदरेत "कृपा जाहली" ऐसे साश्रु नयनांनी म्हटले. धन्य ते राज्य!

पंतांनी बाडास हात लाविला नाही. शाळेत पोरांची भांडणे होत, पंत करंगळ्या अडकवीत नसत. बाहुली विहिरीतून काढावयास मात्र स्वतः दोर धरीत. ऐसे वर्ष लोटले. मग एके सकाळी गिरजाबाई म्हणाल्या, "हैबतरावांना म्हणे गुडघ्याचं दुखणं लागलंय." पंत म्हणाले, "एरंडाचं पान शेकून बांधावं," आणि बोलून स्वतःच चमकले, आणि उठून लेखणी तासावयास बसले. आता नव्या पानात जत्रेत भाऊ "चुकलो" म्हणतो, आणि केरू उत्तर देत नाही. दुसऱ्याच्या पडावात मजुरीस राहिलेली ती, भावास पडावात बसविते, आणि अवघी खाडी ओलांडी तोंवर एक शब्द बोलत नाही, आणि पैलतीरी त्यास उतरवून पडाव वळविते. ऐसे ते पान जाहले. गिरजाबाईंनी ऐकिले आणि चूल निवाली तरी उठल्या नाहीत.

आता शिक्का नाही, लेखनिक नाही. परंतु पोरांनी कशाचा कित्ता गिरवावा याविषयी राज्यात कायदा नव्हता. पंतांनी केरूचे एकेक पान पोरांस कित्त्यास दिले, आणि पोरांनी ते गिरवून घरोघर नेले, आणि आईबाप पोरांचे अक्षर पाहावयास बसले ते वाचीतच राहिले. हैबतरावांचा नातू त्याच शाळेत होता. केरूने पडाव पाण्यात लोटिला येथे त्याचा कित्ता संपला, आणि दुसरेच दिवशी हैबतरावांचा जासूद ओवरीत येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "सरकारांनी विचारलंय, पोरांना एका वेळी एकच पान का देता? हात वळायचा कसा?"

ऐसे वर्तमान जाहले. सदरेची रीत गेली नाही, तीस कोणी जाबही विचारिला नाही, आणि म्हणूनच त्या राज्याचे नाव आम्ही अद्याप घेत नाही. नागोपंतांस शिक्का मिळाला नाही तो नाहीच. कादंबरी मात्र पुरी जाहली.