बोंबलाच्या दातातली चित्रं

"मामंजी, जरा पाठमोरे व्हाल का?"

"बोर्लीच्या बाजारात आज जो तो मला हेच सांगत होता, सूनबाई," भाऊ ओटीवर टेकत म्हणाले. "सत्यनारायणाच्या पंगतीत तर मागच्या ओळीतले लोक जेवेनात, नुसते खुसुखुसु हसतायत. झालंय तरी काय माझ्या पाठीला?"

दुर्गा पदराचा बोळा तोंडात कोंबून आत पळाली. भाऊंनी खांद्यावरचं उपरणं ओढून समोर धरलं. शुभ्र मलमलीवर काळ्याभोर शाईत एक कोळीण उमटली होती. डोईवर पाटी, कमरेवर हात, आणि पाटीतल्या पापलेटाचा डोळासुद्धा कसा लख्ख! ज्यांनी जन्मात लसणीला हात लावला नव्हता, त्या भाऊंच्या पाठीवर बसून ही बाई मासळीसकट सत्यनारायणाचं जेवण जेवून आली होती.

"माधव!"

ही हाक दिघीच्या धक्क्यावर ऐकू गेली आणि आगरदांड्याला निघालेली उतारूंची होडी अर्ध्या खाडीतून परत फिरली, असं सांगतात. खरंखोटं त्या तांडेलाला ठाऊक.

भाऊंचा मुलगा माधव पडवीतून आला. दहाही बोटं काळी, नाकावर एक पट्टा काळा. साल चौतीसचं. मुंबईला चित्रकला शिकून तो गावी परत आला होता आणि शाळेत मुलांना कमळ आणि कलिंगडाची फोड काढायला शिकवत होता. पण येताना ट्रंकेत कपड्यांऐवजी लिनोलियमच्या गुंडाळ्या घेऊन आला होता. साहेबलोक आपल्या बंगल्यात जमिनीवर जे मेणकापडासारखं जाड अंथरतात, तेच हे. त्याचे तुकडे करायचे, त्यावर चित्र कोरायचं, वर शाई फिरवून कागद दाबायचा की चित्र कागदावर. मोडक्या छत्रीच्या काड्या घासून त्यानं कोरण्या केल्या होत्या. सायकलची ट्यूब लाटण्यावर चढवून शाईचा रूळ केला होता. आणि कागद दाबायला दुर्गेची आमटीची वाटी. वाटीच्या बुडानं कागद असा घोटायची ती, की चित्रातल्या होडीच्या दोरखंडाचा पीळसुद्धा सुटायचा नाही.

"साहेब ज्यावर बूट ठेवतो त्यावर तुम्ही समुद्र कोरता," ती पहिल्या दिवशी म्हणाली होती. "कोरा. साहेबाचे पाय तरी ओले होतील."

उपरण्याचा घोटाळा झाला तो तेलापायी. शाई घट्ट झाली. ती पातळ करायचं जवसाचं तेल संपलेलं. घरात खोबरेल मात्र घागरभर. नारळाच्या वाडीत जन्मलेल्या माणसाला तेल म्हटलं की दुसरं काय सुचणार? माधवनं शाईत खोबरेल घातलं. आता खोबरेल लावलेलं डोकं कधी वाळलेलं पाहिलंय कुणी? चित्रंही वाळेनात. चार दिवस झाले, आठ दिवस झाले, बोट लावलं की बोट काळं. शेवटी दुर्गेनं ती ओटीवरच्या दोरीला टांगली, शेजारी भाऊंची धुणी, आणि वाऱ्यानं दोघांची गाठ घालून दिली.

"हे बघ," भाऊ म्हणाले. रागाची पहिली हाक मारून झाली की ते हळू बोलत, म्हणून घरातली माणसं आणखी घाबरत. "येत्या रविवारी रावसाहेब दिवेकर देवदर्शनाला दिवेआगरला येतायत. मुंबईच्या मोठ्या प्रदर्शनाला चित्रं तेच निवडतात असं तू म्हणतोस. वाटेत त्यांना इथे बोलावलंय मी. माझी सुपारीची वखार रिकामी करून देतो, तिथे मांड तुझी चित्रं. त्यांनी एक जरी उचललं, तरी पुन्हा या विषयावर बोलायचा नाही मी. नाही उचललं, तर सोमवारच्या बोटीनं मुंबई. मामांच्या पेढीवर कारकुनाची जागा आहे. ती छत्रीची हाडकं समुद्रात टाकायची आणि टाक हातात धरायचा. कबूल?"

माधवला कबूल म्हणावं लागलं. दुर्गेनं हातातली वाटी घट्ट धरली.

मोठा प्रश्न उरला तो एकच. ओली चित्रं रविवारपर्यंत वाळवायची कुठे? ओटीवर सावली, अंगणात सुपारीची गर्दी, आणि धुण्याच्या दोरीचं तर नावच काढायची सोय नव्हती.

"या गावात अगदी ओली वस्तू खडखडीत वाळवणारं एकच माणूस आहे," दुर्गा म्हणाली. "नीराबाई."

नीराबाई किनाऱ्यावरची कोळीण. तिचे बोंबील इतके कडक वाळायचे, की एकदा तिच्या नवऱ्यानं, गुणाजीनं, त्यातल्याच एकानं होडीतली फट बुजवली आणि ती होडी रेवसपर्यंत जाऊन आली. किनाऱ्यावर तिचे बांबूचे मांडव होते. आडव्या बांबूवर बोंबील जोडीजोडीनं टांगलेले, एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवून.

"काय वो मास्तर, बायकोला घेऊन मासली घ्यायला आलाव?" नीराबाईनं लांबूनच हटकलं.

"नाही, हे वाळवायला आणलंय."

"कागद? खातात काय ते?"

"बघायचे असतात."

"नुसतं बगायला पैसं कोन देतो?" असं म्हणत तिनं वरचा कागद हातात घेतला आणि एकदम गप्प झाली. किनाऱ्यावरच्या बायका सांगतात, नीराबाईला गप्प झालेलं त्यांनी तेव्हाच पाहिलं. कागदावर जाळं ओढणारा एक माणूस होता. पाठ धनुष्यासारखी, मान तिरकी, खालचा ओठ दातात.

"ह्यो तं आमचा गुणाजी!" ती म्हणाली. "जाल वढताना असाच व्हट चावतो मेला. लगीन झाल्यापास्ना बगतंय मी. ह्याला कवा गावला तो, वैनी?"

"हे रोज पहाटे इथेच येऊन बसतात की," दुर्गा म्हणाली.

"व्हय, बगतंय ना. आमी म्हनायचो, मास्तराला काय कामधंदा न्हाय. आन् मास्तर आमची कामं चोरून नेत व्हता." तिनं कागद उन्हाकडे धरला, पुन्हा बघितला, आणि हाताखालच्या बायांवर ओरडली, "पूर्वेकडचा मांडव मोकला करा गो! गुणाजीला टांगायचाय!"

"चिमटे आणायचे राहिले," माधव ओशाळून म्हणाला.

"चिमटं कशाला? बोंबलाला दात काय हसायला दिल्यात?"

आणि तिनं एक बोंबील उचलला, त्याच्या जबड्यात कागदाचा कोपरा दिला, जबडा मिटला. दुसऱ्या कोपऱ्याला दुसरा बोंबील. बघता बघता सगळी चित्रं बोंबलांच्या तोंडात समुद्राच्या वाऱ्यावर फडफडायला लागली. ऊन असं लागलं, वारा असा लागला, की खोबरेलानं हार मानली. शनिवारी संध्याकाळी शाईवरून बोट फिरवलं तर बोट कोरडं. चित्रं गुंडाळून नेली, वखारीच्या भिंतींवर ओळीनं लावली, दार-खिडक्या बंद केल्या आणि दोघं समाधानानं झोपायला गेली.

आता उघड्या किनाऱ्यावर बोंबलाचा वास कुणाला वेगळा कळतो? तिथे वाराच तसा असतो. पण बंद वखारीत त्या वासाला रात्रभर काम नव्हतं. तो वाढत बसला.

रविवारी सकाळी भाऊंनी दार उघडलं आणि ते चार पावलं मागे आले. स्वतःहून नाही, वासानं त्यांना ढकललं.

"माधव, आत कोण मेलंय?"

माधवनं आत डोकं घातलं आणि कपाळावर हात मारला. दुर्गेनं धावपळ करून उद जाळला, धूप जाळला, भाऊंच्या अत्तराची कुपी भिंतीवर शिंपडली. त्यानं झालं एवढंच, की आता गाभाऱ्यात कुणी बोंबील भाजतंय असं वाटू लागलं.

तेवढ्यात मांजरं आली. आधी वाडीतली, मग बाजारातली, मग अशी, की गावात कुणी पूर्वी बघितलीच नव्हती. वेळासहून डोंगर ओलांडून आलेली होती म्हणतात. शेवटी देवळातलं पांढरं मांजर आलं. दूधभाताशिवाय त्यानं कशाला तोंड लावल्याचं कुणाला आठवत नव्हतं. ते सरळ गुणाजीच्या चित्राखाली जाऊन बसलं आणि जाळ्याकडे मान वर करून डोळे मिटून घेतले. भाऊ केरसुणी घेऊन एका दारानं मांजरं बाहेर काढत होते, ती दुसऱ्या दारानं आत येत होती.

माणसंही आली. वाडीवाले आले, नाकाला उपरणं लावून. बायका आल्या, पदर लावून. किनाऱ्यावरून नीराबाई सगळा कोळीवाडा घेऊन आली. त्यांच्या मात्र कुणाच्याच नाकाला काही नव्हतं. "ह्यो बग गुणाजी!" "आन् ही माजी होरी!" "आगो, ही तं मीच! पर येवढी जाडी हाय काय गो मी?" असा कल्ला चालला होता. उद, धूप, अत्तर आणि बोंबील यांच्या झोंबण्यानं वाडीवाल्यांच्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या.

अशा वेळी दारात रावसाहेब दिवेकर उभे राहिले. डोक्याला लाल पगडी, हातात चांदीच्या मुठीची काठी.

माधवनं डोळे मिटले. त्याला पेढीवरचं उतरतं मेज दिसलं, टाक दिसला, सोमवारची बोटही दिसली.

पण रावसाहेब मागे हटले नाहीत. ते आत आले. पहिल्या चित्रापाशी थांबले, नाक कागदाला लागेल इतके जवळ गेले. मग लांब झाले. मग पुन्हा जवळ. सुपारीच्या झाडावर चढलेला गडी, पायात फास, खाली वाडीची सावली. ती सावली माधवनं काळी न ठेवता नुसत्या बारीक रेघांनी कोरली होती, म्हणून ती हलतेय असं वाटायचं. रावसाहेब तिथे बराच वेळ उभे राहिले. मग त्यांनी मागे वळून पाहिलं. सगळ्या वखारीत माणसं तोंडाला कापड लावून डोळे टिपत होती.

"भाऊसाहेब," ते हलक्या आवाजात म्हणाले, "मुंबईत इतकी प्रदर्शनं पाहिली, पण चित्रं पाहून रडणारं गाव पाहिलं नव्हतं. आणि ही मांजरं! जाळ्यातली मासळी खरी समजून बसलीत बिचारी. आणि चित्राच्या कोपऱ्यांवर ही बारीक टोचणीची नक्षी... ही पद्धत कुठली, मास्तर? जपानी?"

माधव पायातलं मांजर बाजूला सारू लागला. नीराबाई सांगणारच होती, पण दुर्गेनं तिला चिमटा काढला.

गप्प बसले असते तर काम झालंच होतं. पण भाऊंनी जन्मात भेसळीची सुपारी विकली नव्हती. त्यांनी केरसुणी भिंतीला टेकवली, हात जोडले.

"रावसाहेब, तुमची फसवणूक होतेय. हे लोक चित्रांपायी रडत नाहीत. मांजरंही चित्रांपायी आलेली नाहीत. चित्रं वाळवली बोंबलाच्या मांडवावर. ते दात बोंबलाचे. आणि हे सगळं त्या वासामुळे."

"कसला वास?" रावसाहेबांनी विचारलं.

सगळ्यांच्या माना त्यांच्याकडे वळल्या. एका मांजरानं तेवढा जांभईसाठी आ केला.

"येत नाही तुम्हाला?"

"मला?" रावसाहेब हसले आणि कमरेची तपकिरीची डबी काढून दाखवली. "या बाईसाहेबांनी माझं नाक कधीच संपवलं. माझ्यापुढे गुलाब धरा नाहीतर गटार, दोन्ही सारखंच. घरी नासलं दूध मी पिऊन बघितल्याशिवाय कळत नाही." मग त्यांनी चिमूटभर तपकीर ओढली आणि त्यांचा चेहरा गंभीर झाला. "म्हणजे मांजरं वासानं आली?"

"हो."

"आणि ही माणसं?"

भाऊंनी केरसुणी पुन्हा उचलली. तेव्हा परक्या पुरुषाच्या देखत कधी न बोलणारी दुर्गा दाराआडून बोलली, "मांजरं वासासाठी आलीयत. माणसं वास सोसून थांबलीयत. सकाळपासून एकही घरी गेलेलं नाही, मामंजी. बघा ना तुम्हीच."

भाऊंनी पाहिलं. उपरणं नाकाशी दाबून कुणी होडीचं शीड निरखत होतं. दोन म्हाताऱ्या डोळे पुसून पुसून पुन्हा त्याच चित्राकडे वळत होत्या. गुणाजी स्वतःच्या चित्रासमोर खालचा ओठ दातात धरून उभा होता आणि त्याला त्याचा पत्ता नव्हता.

"बरं झालं सांगितलंत," रावसाहेब म्हणाले. "मी एकटाच इथे नुसत्या डोळ्यांनी बघत होतो. तर माझ्या डोळ्यांचं ऐका. ही चार चित्रं मुंबईला येतील. त्या दातांच्या नक्षीसकट. हवं तर उन्हात ठेवा, वाऱ्यावर ठेवा, मुंबईकरांची नाकं शाबूत आहेत. पण कोपरे कापाल तर खबरदार!" मग पहिल्या चित्राकडे, म्हणजे सुपारीवरच्या गड्याकडे, त्यांनी काठी वळवली. "आणि हेही."

"ते नाही मिळायचं," भाऊ म्हणाले.

माधवनं दचकून वर पाहिलं. "भाऊ?"

"तो गडी माझा, वाडी माझी. ती सावली मी रोज बघतो, पण ती अशी असते हे मला आज कळलं. ते घरी राहील." एवढं बोलून भाऊ दुसरीकडे बघू लागले. "तू दुसरी प्रत काढून दे त्यांना. सूनबाई, वाटी घासून ठेव."

सोमवारची बोट गेली. माधव नाही गेला, चार चित्रं गेली. दिघीच्या धक्क्यावर बोटीच्या कारकुनानं गुंडाळी हुंगली आणि सुक्या मासळीचं भाडं लावलं, पण त्याचं कुणाला दुःख झालं नाही.

भाऊंनी आपलं चित्र ओटीवर, बरोबर आपल्या बैठकीच्या वर लावलं. पावसाळ्यात हवा दमट झाली की ते बोलायला लागायचं. एकदा मामा मुंबईहून आले. पानाला चुना लावता लावता त्यांचा हात थांबला, नाक फुललं, आणि ते इकडेतिकडे बघत म्हणाले, "भाऊ, रागावू नका, पण तुमच्या घरात बोंबलाचा वास येतोय."

भाऊंनी मान वर करून चित्राकडे पाहिलं, मग सावकाश अडकित्त्यात सुपारी धरली.

"वास?" ते म्हणाले. "कसला वास?"