महाराणी, अकरा वाजता

ताईचा पारा सकाळी साडेनऊलाच चढला, आणि पार्लरचं शटर उघडायला अजून अर्धा तास होता.

"माझ्या वहीत पुन्हा घोडे लिहिलेस?"

"मागच्या पानापासून लिहिलेत गं," धाकटा भाऊ बुटाची नाडी बांधत म्हणाला. "तू पुढून येतेस, मी मागून येतो. कागद वाया जात नाही."

"कागद नाही जात, माणूस वाया गेलाय!"

भाऊ एरवी लोकांचे गिझर आणि पंखे दुरुस्त करायचा, पण गल्लीत त्याला सगळे 'गुणाकार' म्हणत. कारण रेसकोर्सवर जाणारी बाकीची माणसं घोड्याचं नाव आवडलं म्हणून पैसे लावत, जॉकीचा, म्हणजे घोडेस्वाराचा, शर्ट आवडला म्हणून लावत. हा तसा नव्हता. हा प्रत्येक घोड्याच्या पाच गोष्टी बघायचा: मागच्या चार शर्यतींत कितवा आला, पाठीवर वजन किती, जॉकी कोण, मैदान ओलं की कोरडं आणि धावायचं अंतर किती. प्रत्येकीला दहापैकी गुण द्यायचे आणि सगळे एकमेकांत गुणायचे. मोठमोठे आकडे यायचे. घोडे मात्र यायचे नाहीत.

"लोक एकच गोष्ट बघतात आणि आपटतात," तो म्हणाला. "मी पाच बघतो."

"म्हणून पाचपट आपटतोस! आज गिझर दुरुस्त करणार होतास ना? आज मालकीणबाई येणार आहेत ना? की तेही मी घोड्याच्या कानात सांगायला हवं होतं?"

"दुपारी करतो. नक्की." त्याने मोबाइलवर वहीच्या पानाचा फोटो काढला आणि ताईचा हात कंगव्याच्या डब्याकडे जायच्या आत जिना उतरून पसार झाला.

ताईचा राग उगाच नव्हता. पार्लरच्या जागेचा करार आज संपत होता. समोरचा मोबाइलवाला त्या जागेवर डोळा ठेवून होता, रोज दुपारी येऊन पावलांनी दुकानाची रुंदी मोजून जायचा, निर्लज्ज कुठला. मालकीणबाईंनी कळवलं होतं, "अकराला केस रंगवायला येते. कागद बरोबर आणते. मन प्रसन्न असलं तर तीन वर्षांची सही करीन." म्हणजे सहा वर्षांचं पार्लर आज मालकीणबाईंच्या केसांवर टांगलेलं होतं.

दहा वाजता ताईने शटर असं वर ढकललं की शेजारचा कुत्रा उठून दुसऱ्या गल्लीत गेला. तणतणतच तिने वही उघडली.

वहीत ताई गिऱ्हाइकांची खरी नावं लिहीत नसे. नाव विसरतं, स्वभाव विसरत नाही, असं तिचं म्हणणं. एक बाई 'पाच मिनिटांत येते', एक 'अजून थोडे काप', आणि मालकीणबाई म्हणजे 'महाराणी'. नावापुढे त्या बाईचा रंग लिहिलेला: कितव्या नंबरची बाटली आणि किती चमचे.

आजच्या पानावर ताई पुढून येत होती आणि गुणाकार मागून येत होता. दोघं नेमके याच पानावर येऊन धडकले होते. वर लिहिलं होतं, 'महाराणी, ११ वाजता. ३-२-४-१'. चार ओळी खाली पुन्हा, 'महाराणी. ६-३-७-१'. अक्षर सारखंच, कारण दोघांना एकाच आईने एकाच पट्टीने मारून शिकवलं होतं.

शांत डोक्याने बघितलं असतं तर ताईला कळलं असतं. पण डोकं शांत कुठलं! 'मागच्या वेळी त्या जरा उजळ हवं म्हणाल्या होत्या,' ती मनात पुटपुटली. 'म्हणून मीच नवीन लिहिलं असणार.' आणि तिने सहा नंबरचे तीन चमचे आणि सात नंबरचा एक वाटीत घातला आणि ब्रशने असा घोटला की जणू वाटीत भाऊच आहे.

बरोबर अकराला मालकीणबाई आल्या. कराराचा कागद त्यांनी आरशासमोर ठेवला, त्यावर पेन ठेवलं आणि मान मागे टाकली.

"कुठला रंग लावतेयस आज?"

"तुमचाच. जरा उजळ."

"बघ हं. संध्याकाळी मला चार लोकांत जायचंय."

ताईने रंग चोपडला, टोपी चढवली आणि पस्तीस मिनिटांचं घड्याळ लावलं. वीस मिनिटं झाली असतील, तोच फोन वाजला. ताईच्या हातमोज्यांना रंग लागलेला. "थांब, मी उचलते," असं म्हणून मालकीणबाईंनी मदत म्हणून फोन उचलला आणि स्पीकरवर टाकला.

"ताई!" गुणाकार गर्दीतून ओरडत होता. "महाराणीच्या दोन ओळी कशा काय गं? एकीत तिसरी, दुसरी, चौथी, पहिली. आणि एकीत सहावी, तिसरी, सातवी, पहिली. मी तर एकच लिहिली होती!"

ताईच्या हातातला ब्रश फरशीवर पडला.

"तुझी कुठली?" तिचा आवाज चिरकला.

"खालची! पण वरची धरली तर सगळ्यात जास्त गुण तिलाच पडतात गं. फक्त वजन जास्त आहे तिचं, त्याचे मी कापले. वय सात, म्हणजे ऐन भरात. गर्दीत चावते, पण ते चालायचंच. बोल लवकर, लावू का महाराणीवर?"

मालकीणबाईंनी वही हळूच आपल्याकडे ओढली. बोट ठेवून वाचली.

"कोण गं ही महाराणी?"

"घोडी आहे. भावाची. म्हणजे भावाची नाही, रेसची."

"असं? आणि अकरा वाजता माझ्या खुर्चीत घोडी यायची होती?"

ताईने मालकीणबाईंना खुर्चीसकट बेसिनकडे फिरवलं आणि नळ सोडला. गिझर अर्थातच बंद. बर्फासारखं पाणी मानेवर पडताच मालकीणबाई अशा किंचाळल्या की फोनमधून गुणाकार म्हणाला, "ताई, तिथे काय चाललंय?"

"तुझं श्राद्ध!" ताई ओरडली.

तिने तीनदा धुतलं, चौथ्यांदा धुतलं. मग टॉवेल काढायची वेळ आली आणि तो काढावाच लागला.

मालकीणबाई आरशात बघत राहिल्या. आरशातून एक लालबुंद, तांबूस, पेटलेलं डोकं त्यांच्याकडे बघत होतं. सूर्य मावळताना चुकून पार्लरमध्ये शिरावा तसं.

"हे काय आहे?" त्या अगदी हळू म्हणाल्या. हळू म्हणाल्या म्हणूनच भीती वाटली.

त्यांनी करार उचलला. घडी घालायला सुरुवात केली. एक घडी, दुसरी घडी. आणि ताईच्या आत काहीतरी फुटलं.

"हो, चुकलं माझं! घोडीच्या शर्यतीतले नंबर मी बाटल्यांचे समजले. कारण माझा भाऊ बिनडोक आहे, आणि मी त्याला वही दिली म्हणजे मी त्याहून बिनडोक! आणि हो, महाराणी मी तुम्हालाच म्हणते! सहा वर्षं मान मागे टाकता, सहा वर्षं 'बघ हं' म्हणता. एकदा तरी रंग बरा झालाय म्हणालात? एकदा? जा घेऊन तो कागद, द्या मोबाइलवाल्याला! तो तुमचे केस रंगवील चार्जरने!"

मालकीणबाईंनी तिसरी घडी घातली नाही. त्या फोनकडे वळल्या.

"काय हो, ही घोडी दिसायला कशी आहे?"

"कोण बोलतंय?" गुणाकार गोंधळला. "देखणी आहे हो. तांबूस, उन्हात पेटल्यासारखी. सगळी माणसं वळून बघतायत."

मालकीणबाईंनी आरशात पाहिलं. मान थोडी डावीकडे केली, थोडी उजवीकडे.

"पळते कशी?"

"आधी मागेच रेंगाळते. कुणाला धूप घालत नाही. शेवटच्या वळणावर मनात आलं तर सगळ्यांना मागे टाकते."

"मनात आलं तर," मालकीणबाई म्हणाल्या आणि पहिल्यांदाच हसल्या. मग कागद पुन्हा उलगडून त्यांनी ताईकडे पाहिलं. "ती पहिली आली तर सही करते."

"अहो, पण घोड्यांवर कुणी..."

"सुटले!" गुणाकार किंचाळला.

दहा वर्षं ज्या खेळाला ताई शिव्या घालत होती, त्या खेळासाठी ती आता फोनवर वाकून उभी होती.

"कितवी आहे?"

"सातवी!"

"सातच आहेत ना रे मेल्या?"

"हो! थांब, सहावी. पाचवी. वळण आलं. ताई, ती निघाली!"

"पळ गं!" ताईने बेसिनवर थाप मारली. "पळ, महाराणी! हाण!"

"पळतेय का?" मालकीणबाई खुर्चीच्या टोकावर आल्या होत्या, लाल केसांतून पाणी गळत होतं. "अरे, सांग ना!"

"चौथी! तिसरी! अगं, आली, आली, आली..." आणि मग नुसताच गर्दीचा आवाज.

"कितवी?" दोघी एकदम ओरडल्या.

"तिसरी," गुणाकार रडवेल्या आवाजात म्हणाला. "वजन नडलं. चांगल्या घोडीवर मुद्दाम जास्त वजन लादतात ना, सगळे बरोबरीत यावेत म्हणून."

ताईचे डोळे बारीक झाले. "म्हणजे ती चांगली आहे म्हणून वजन जास्त?"

"हो."

"मग जिंकल्याचे गुण द्यायचे आणि त्याच जिंकण्यामुळे आलेल्या वजनाचे कापायचे? एका चमच्याने रंग घालायचा आणि दुसऱ्याने काढायचा? अरे गाढवा, दोन गोष्टी एकच सांगत असतील तर दोन्ही एका वाटीत घालत नाहीत! हे मला केस रंगवताना कळतं आणि तुला दहा वर्षांत कळलं नाही?"

"मलाही तेच म्हणायचं होतं," मालकीणबाई गंभीरपणे म्हणाल्या. त्यांनी पेन उचललं. मालकीणबाईंनी कागदावरच्या 'तीन वर्षे' या शब्दांतला 'वर्षे' नीट खोडला, त्यावर 'शर्यती' असं लिहिलं आणि खाली झोकात सही ठोकली.

"तिनात एकदा तरी पहिली आली, तर पुन्हा वर्षं लिहू," त्या उठत म्हणाल्या. "आणि रंग आता हाच राहू दे."

लाल डोकं उन्हात चमकत गल्लीतून निघालं. मोबाइलवाला दारात पावलं मोजता मोजता थांबला आणि वळून बघतच राहिला.

"ताई," फोनमधून भाऊ दबक्या आवाजात म्हणाला, "रागावू नकोस. मी निघालोच घरी."

"खबरदार तिथून हललास तर!" ताई कडाडली. "आधी पुढच्या शनिवारी मैदान ओलं असणार की कोरडं, ते विचार. आणि त्या जॉकीला जाऊन सांग, वळणावर झोपू नकोस म्हणावं!"