आदगोंडांचा फिरता ऑर्केस्ट्रा

“स्टेज कसलं बी असू दे गड्या, आदगोंडाचा सूर हालत न्हाई!”

आदगोंडा पाटील फोनवर एवढ्या मोठ्यानं बोलले की दारातल्या म्हशीनं रवंथ थांबवून त्यांच्याकडं बघितलं. पलीकडं वाईचे तात्या होते. तात्यांना तो आवाज फोनशिवायसुद्धा ऐकू गेला असता!

कारणच तसं होतं. सातारा जिल्ह्यातल्या खंडाळ्याजवळच्या ‘मौजनगरी’ पार्कात खाद्य महोत्सव भरला होता. पाण्याच्या घसरगुंड्या, उंच पाळणे, खाण्याचे चाळीस स्टॉल आणि जोडीला ‘सोनेरी आठवणी’ नावाचा गाण्याबजावण्याचा कार्यक्रम. पहिल्या दिवशी बेंजो पार्टी, दुसऱ्या दिवशी वरातीतला जुना ब्रास बँड आणि तिसऱ्या दिवशी इस्लामपूरचा एके काळचा नवतरंग ऑर्केस्ट्रा!

एके काळचा म्हणजे छत्तीस वर्षांपूर्वीचा. आदगोंडा अकॉर्डियनवर, तात्या बोंगोवर आणि साताऱ्याचे सुमंत गायला. कारखान्याचं स्नेहसंमेलन असो की कडेगावातला गणपती, लोक दुपारपासून पोती टाकून जागा धरायचे. फर्माइशीच्या चिठ्ठ्या सिगारेटच्या पाकिटांवर लिहून यायच्या. एकदा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर कार्यक्रम रंगात आला असताना ट्रॉलीचं चाक बसलं, अख्खं स्टेज एका अंगाला कललं, तरी आदगोंडांनी सूर सोडला नव्हता. ही हकिकत त्यांनी बायकोला एवढ्या वेळा सांगितली होती, की दर खेपेला ट्रॉली थोडी थोडी जास्त कलत आता जवळजवळ उभीच राहिली होती!

राजमतीबाई दर वेळी “व्हय, व्हय” म्हणायच्या आणि भाकरी थापायला लागायच्या. बिचाऱ्या दुसरं म्हणणार तरी काय? त्यांनी नवऱ्याला वाजवताना कधी ऐकलंच नव्हतं! त्यांच्या वडलांनी, म्हणजे आण्णांनी, मुलगी देताना एकच अट घातली होती. “पोरगं चांगलं हाय, ऊस चांगला हाय. तेवढं गळ्यातलं खाली ठेवा.” आदगोंडांनी ठेवलं. पुढं आण्णा गेले, पोरं मोठी झाली, पण घरात एकट्यानं वाजवायची आदगोंडांना लाज वाटायची. समोर माणसं नाहीत, शेजारी तात्या नाही, मग ते वाजवणं कसलं?

“ह्या बारीला तू म्होरच्या खुर्चीवर बसायचं,” आदगोंडांनी बायकोला बजावलं. “आन मग सांग, तुजा नवरा कोन हुता ते.”

“बसते की. पर दिस बुडायच्या आत जेवन झालं पायजे माजं.”

राजमतीबाई सूर्य मावळल्यावर पाण्याचा थेंबही घेत नसत, आणि कांदा-बटाटा तर वर्ज्यच. खाद्य महोत्सवाला घरून डबा नेणाऱ्या त्या बहुधा एकट्याच पाहुण्या असतील!

पार्कात पोहोचल्यावर पहिला धक्का बसला. कार्यक्रमाचं बघणारी दीपाली नावाची मुलगी धावतच आली.

“काका, सॉरी! आमचं मोठं स्टेज काल वाऱ्यानं पडलं. पण काळजी करू नका. मेरी-गो-राउंडचे घोडे रंगवायला काढलेत, चौथरा मोकळाच आहे. छान गोल स्टेज!”

चौथरा खरोखर छान होता. कडेनं झेंडूच्या माळा, मधल्या खांबाला एक भला मोठा स्पीकर बांधलेला, आणि वर आरशांचं छत. सुमंत मात्र खांबाभोवती दोनदा चालून आले.

“हे फिरणार नाही ना? मला खंबाटकीच्या घाटात बसल्या जागी चक्कर येते.”

“बंद आहे काका. अर्जुनाला बजावून ठेवलंय.”

अर्जुना म्हणजे पाळणे चालवणारा गडी. तो पलीकडच्या केबिनमध्ये बटणांच्या गराड्यात बसला होता. त्यानं तिथूनच हात हलवला.

कार्यक्रम पाचला होता. पाचला दोन मिनिटं कमी असताना पार्कातली लाइट गेली! मिक्सर थांबले, पाळणे थांबले, आइस्क्रीमवाल्याचा चेहरा त्याच्या मालाच्या आधी वितळला. पाऊण तास जनरेटर खोकत राहिला. सूर्य कलायला लागला तशी राजमतीबाईंनी डब्याची कडी उघडली. आता जेवलं नाही तर उद्या सकाळीच!

तेवढ्यात जनरेटर लागला. अर्जुनानं कित्येक वर्षांच्या सवयीनं सगळीच्या सगळी बटणं वर केली.

आदगोंडांनी डोळे मिटले, अकॉर्डियनचा भाता उघडला आणि पहिला सूर सोडला. काय सूर होता तो! छत्तीस वर्षं कपाटावर पडून राहिलेली सगळी हवा जणू एकदम बाहेर आली. तात्यांची बोटं बोंगोवर पडली. सुमंतांनी गायला तोंड उघडलं, आणि समोरचा भेळेचा स्टॉल हळूच डावीकडं निघाला.

“तात्या, स्टॉल चालला!” सुमंत कुजबुजले.

“गाड्यावरचा असंल. तू गा!”

मग उसाच्या रसाचा स्टॉल निघाला. त्याच्यामागं डोसा, त्याच्यामागं हुरडा. हुरड्यापाठोपाठ प्रसाधनगृह जायला लागल्यावर सुमंतांना उलगडा झाला. “अरे, आपण फिरतोय!” ते ओरडले आणि त्यांनी खांबाला मिठी मारली.

दीपाली चौथऱ्याच्या कडेनं पळू लागली. “काका, बंद करू, की चालू ठेवू?”

आदगोंडांना वाटलं, गाण्याचंच विचारतेय. “चालू ठेवा! मदी तोडायचं न्हाई!”

“चालू ठेवायचंय म्हणे!” दीपालीनं केबिनकडं ओरडून सांगितलं. अर्जुनानं अंगठा दाखवला.

इकडं तात्यांना स्वतःचा बोंगो ऐकू येईना. त्यांनी जुन्या सवयीनं, आवाजवाल्याला करतात तशी खूण केली. तळहात वर, वर, अजून वर! आवाजवाला त्या वेळी पलीकडं भजी खात होता. ती खूण पाहिली अर्जुनानं. त्याला नवल वाटलं, पण पाहुणे म्हणताहेत म्हटल्यावर त्यानं चक्रीच्या वेगाचा काटा पुढं सरकवला.

चक्री वेगात आली! झेंडूच्या माळा आडव्या उडू लागल्या. सुमंत खांब न सोडता खाली बसले आणि त्यांनी हातातला माइक आदगोंडांच्या सदऱ्याच्या खिशात खोचला.

“आता तूच गा रे बाबा. मला बोलायला लावू नकोस, सगळं बाहेर येईल!”

आदगोंडा जन्मात गायले नव्हते, पण मधे तोडायचं नाही म्हणून ते वाजवता वाजवता गळा ताणून गाऊही लागले. पंचाईत अशी झाली, की स्पीकर एकच. तो गोल फिरताना ज्याच्यासमोर येईल त्यालाच ऐकू येई. रसवाल्याच्या वाट्याला नेमका मुखडा येई, डोसावाल्याच्या वाट्याला नुसता बोंगो. हुरडावाला कान देऊन बसला होता, पण त्याला दर फेरीत तात्यांचं “आवाज, आवाज!” एवढंच ऐकू आलं. आणि राजमतीबाईंसमोरून आदगोंडा जायचे ते भाता दाबत, घामानं डबडबून, दोन सुरांपुरते. की गेले!

पहिल्या फेरीला आदगोंडा बायकोकडं बघून हसले. दुसऱ्या फेरीला हसणं जमलं नाही. तिसऱ्या फेरीला त्यांनी नजरच खाली वळवली. इतक्या वर्षांनी ती समोर बसली होती, आणि तिला मिळत काय होतं? एस्टीच्या खिडकीतून ओरडलेल्या निरोपाएवढं वाजवणं!

तेवढ्यात गर्दीतून पांढऱ्या केसांचा एक माणूस चक्रीबरोबर धावू लागला. त्याच्या हातात कागदी प्लेट होती आणि तिच्यावर पेनानं काहीतरी लिहिलेलं.

“कडेगावचा हाय मी!” तो धापा टाकत ओरडला. “पोत्यावर बसून ऐकलंय तुमास्नी! होडीचं हू द्या, होडीचं!”

होडीचं गाणं! कृष्णेवरच्या होडीचं ते गाणं सुमंतांनीच रचलं होतं. नवतरंगच्या प्रत्येक कार्यक्रमाचा शेवट त्यानंच व्हायचा. आदगोंडांनी प्लेट दातांत धरून घेतली, सुमंतांच्या मांडीवर टाकली, तात्यांकडं बघितलं, आणि दोघांनी एकदम सुरुवात केली. तात्यांचे केस गेले होते, दात गेले होते, पण सम कुठं गेली नव्हती! खाली बसलेल्या सुमंतांनीसुद्धा डोळे गच्च मिटून आदगोंडांच्या पायावर ताल धरला.

पुढच्या फेरीला आदगोंडांनी बघितलं, तर पुढची खुर्ची रिकामी!

त्यांचा हात क्षणभर थांबला. कंटाळून गेली? खरंच, दिवस बुडायला आला, ती जेवायला बसली असेल. भाता जड झाला. आणि मग कडेला नजर गेली, तर राजमतीबाई चालत होत्या! उघडलेला डबा दीपालीच्या हातात देऊन, पदर खोचून, दुखऱ्या गुडघ्यावर हात ठेवून, चक्रीच्या बरोबरीनं गोल गोल. नजर अकॉर्डियनवरच्या बोटांवर खिळलेली. आदगोंडा पुढं सरकले की त्या पावलं झपाझप टाकत.

“अर्जुना, कमी कर! काकूंना चालवत नाही!” दीपाली किंचाळली.

अर्जुनानं वेग उतरवला. राजमतीबाईंच्या मागून कडेगावचा माणूस चालू लागला. त्याच्यामागं रसवाला, डोसावाला, चार-सहा म्हाताऱ्या, दोन सुना, एक पोलीस. सगळा महोत्सव हातात प्लेटा घेऊन होडीच्या गाण्याभोवती प्रदक्षिणा घालू लागला. डोंगरामागं सूर्य कधी गेला, राजमतीबाईंना कळलंही नाही.

गाणं संपलं, चक्री थांबली. टाळ्या पडत होत्या, कुणी “वन्स मोअर” म्हणत होतं. आदगोंडा खाली उतरले ते सरळ जायच्या बेतानं, पण पाय त्यांना तिरकेच भेळेच्या स्टॉलकडं घेऊन गेले. राजमतीबाईंनी दंड धरून त्यांना बाकावर बसवलं. तात्या आणि सुमंत शेजारी येऊन आदळले.

मग दीपालीकडून डबा घेऊन न जेवताच त्याची कडी लावली. लग्नाआधी मुलगी बघायला गेले तेव्हाही आदगोंडांना एवढी धडधड झाली नव्हती.

“आण्णांचं चुकलं,” राजमतीबाई शेवटी हळू आवाजात म्हणाल्या. “लय चुकलं. आसं वाजवनाऱ्याच्या गळ्यातनं त्ये काडून ठेवाय नको हुतं.”

 आदगोंडांनी नुसता अकॉर्डियनचा पट्टा चाचपला. तात्यांनी मान वळवून उगाच उंच पाळण्याकडं बघितलं.

“पर आवं,” राजमतीबाईंनी पदरानं डोळे पुसत विचारलं, “मदी त्यो कोन वरडत हुता वो, बोकलल्यावानी? तुमचं वाजवनं धड ऐकूच दिना मेला!”

आदगोंडांनी एक क्षण विचार केला, आणि गुपचूप सुमंतांकडं बोट दाखवलं. सुमंतांना तेव्हा नाही म्हणायला मानसुद्धा हलवता येत नव्हती.