माझ्याविषयी एकमत

"निरीक्षणच करायचंय ना, मग माझं कर," असं मी बायकोला म्हणालो, तेव्हा आपण तिच्यावर उपकार करतोय अशी माझी प्रामाणिक समजूत होती.

मुलगी शिकायला बाहेरगावी गेल्यावर बायकोने अर्धवट राहिलेलं मानसशास्त्राचं एम.ए. पुन्हा हातात घेतलं होतं. त्यात एक प्रात्यक्षिक होतं. एका माणसाला त्याच्या नेहमीच्या जागी, नेहमीसारखं वागताना बघायचं आणि दर पाच मिनिटांनी तो काय करतोय ते लिहायचं. त्याला काही सांगायचं नाही, सुचवायचं नाही, मध्ये बोलायचं नाही. (हे वाचूनच मी होकार दिला. रोज संध्याकाळी तासभर बायको मध्ये बोलणार नाही, अशी ऑफर लग्नानंतर प्रथमच आली होती.) विषय होता 'घरातील मदतीचे वर्तन'.

मात्र निरीक्षक दोन हवेत आणि दोघांनी आपापलं लिहिलेलं बऱ्यापैकी जुळायला हवं, अशी अट होती. घरात तिसरं माणूस एकच, माझी आई. ती शाळेतून पर्यवेक्षिका म्हणून निवृत्त झालेली. परीक्षेला बसलेल्या पोरांच्या नुसत्या मानेवरून ती कॉपी पकडायची. तिने चष्मा पुसला आणि लगेच तयार झाली.

पहिल्या संध्याकाळी मी सोफ्यावर आणि त्या दोघी समोर दोन खुर्च्यांवर. मी उठून वर्तमानपत्रांच्या घड्या घातल्या, उशांचे अभ्रे बदलले आणि केर काढायला निघालो.

"अहो, नेहमीसारखं वागा," बायको म्हणाली.

"नेहमीसारखंच वागतोय."

"झाडू कुठे असतो ते आत्ता मला विचारलंत."

ती संध्याकाळ रद्द झाली. पुढे दोन-चार दिवसांत चांगलं वागण्याचा मला शीण आला आणि मी आपोआप नेहमीसारखा झालो.

रविवारी दोघींचे कागद शेजारी-शेजारी ठेवले. "पाय टीपॉयवर, डोळे मिटलेले, तोंड उघडं," असं बायकोने लिहिलं होतं. त्याच पाच मिनिटांबद्दल आईने लिहिलं होतं, "ऑफिसच्या काळजीने खचून गेला आहे." पुढे बायको म्हणत होती, "उठले, रिमोट घेतला, बसले." आई म्हणत होती, "सुनेच्या मदतीला उठला होता, पण तिला आवडणार नाही म्हणून बसला." 'जेवायला किती वेळ आहे' असं मी एकदा विचारलं होतं, ते आईने 'स्वयंपाकात लक्ष घातले' या सदरात टाकलं होतं.

"आई, त्यांच्या मनातलं नाही लिहायचं. दिसतं तेवढंच लिहायचं," बायको म्हणाली.

"मला दिसतं ते. मी त्याला जन्मापासून बघतेय."

बायको कागद गोळा करून आत गेली. मी मागोमाग गेलो, तर ती पलंगावर बसलेली. नोंदी जुळल्या नाहीत तर प्रात्यक्षिक बाद आणि त्याबरोबर वर्षही बाद, असं तिच्या सरांनी बजावलं होतं.

"एकदा लग्नापायी सोडलं, एकदा बाळंतपणापायी," ती म्हणाली. "आता तुमच्या लोळण्यापायी सोडू का?"

मला खरंच वाईट वाटलं. तिचा अभ्यास मी इतके दिवस गंमत म्हणून बघत होतो. तिच्यासाठी ती गंमत नव्हती, हे मला उशिरा कळलं. आता आपणच काहीतरी करायचं, असं मी ठरवलं. (मी काही ठरवलं की घरच्यांना धडकी भरते, पण या वेळी त्यांना पत्ताच नव्हता.)

मी आईला गाठलं. "तिचं वर्ष जाईल गं. जरा तिच्यासारखं कडक लिही." आई "बरं" म्हणाली. तरी माझी खात्री पटेना, म्हणून मी बायकोलाही गाठलं. "आई आता या वयात बदलायची नाही. तूच थोडं मायेनं लिही." दोघींनाही मी सांगितलं, हे आपल्यातच ठेव.

दुसऱ्या दिवशी आईच्या कागदावर होतं, "आळशासारखा लोळतो आहे. वळण नाही." बायकोच्या कागदावर होतं, "दमलेले दिसतात बिचारे." सबंध तासाभरात एकही नोंद जुळली नव्हती.

दोघींनी एकमेकींचे कागद वाचले. मग एकमेकींकडे बघितलं आणि मग माझ्याकडे.

"यांनी तुम्हालाही सांगितलं?" बायकोने विचारलं.

"आमच्या शाळेत याला बाहेर उभं करायचे," आई म्हणाली.

दोघी स्वयंपाकघरात गेल्या आणि दार लोटून घेतलं. "आधी मदत कशाला म्हणायचं ते पक्कं करू," हा आईचा आवाज मला ऐकू आला. मग बराच वेळ कुजबुज झाली. मग दोघी हसल्या आणि हसतच राहिल्या. त्यांना एकत्र इतकं हसताना मी कधी ऐकलं नव्हतं, आणि विषय मीच असणार हे कळूनही मला बरं वाटलं.

नव्याने निरीक्षण सुरू झालं. या खेपेला मी ठरवलं की नाटक नाही, खरीखुरी मदत करायची. शेवटच्या संध्याकाळी उठलो, स्वयंपाकघरात गेलो आणि ढीगभर भांडी घासली. त्या दोघी खुर्च्या घेऊन मागोमाग आल्या आणि लिहीत राहिल्या. मी एक कपसुद्धा फोडला नाही.

आठवड्याने बायको कॉलेजातून आली ती उजळलेल्या चेहऱ्यानेच. "आई, एकूण एक नोंद जुळली. असं एकमत सरांनी आजवर पाहिलं नव्हतं." आईने तिच्या पाठीवरून हात फिरवला. माझाही ऊर भरून आला.

"मग मी भांडी घासली, ते दोघींनी मदतीत धरलं ना?"

"नाही," दोघी एकदम म्हणाल्या.

"का?"

"ती घासलेलीच होती," आई म्हणाली. "तू मांडणीवरून काढून घेतलीस."

"पण सरांनी तुमचीही आठवण काढली," बायको माझी समजूत घालत म्हणाली. मी जरा सावरून बसलो. "पुढच्या बॅचच्या मुलांना सरावासाठी आपल्याकडे पाठवू का, विचारत होते. नवीन मुलांना आधी सोपं काहीतरी देतात. गेल्या वर्षी कासव दिलं होतं, पण ते फार हलतं, अशी मुलांची तक्रार आहे."