शिस्तप्रिय पेशी

माणसाच्या शरीरातली प्रत्येक पेशी आपलं काम कुणाच्याही देखरेखीशिवाय पार पाडते, ही गोष्ट कोणत्याही शिस्तप्रिय संस्थेला मानवण्यासारखी नाही. म्हणूनच हैदराबादेत तारनाक्याजवळच्या एका संशोधन संस्थेने पेशींतल्या कॅल्शियमच्या हालचाली समीकरणांत बसवणारा विभाग काढला, आणि दिलसुखनगरची तेजश्री तिथे पीएचडीला लागली.

तेजश्रीचं घराणं मूळचं नांदेडकडचं, पण तीन पिढ्या हैदराबादेत मुरलेलं. आपण नेमकं काय करतो हे तिने आईला, म्हणजे उषाताईंना, एकदाच समजावून सांगितलं होतं. "पेशीच्या आत एक संप असतो, आई, आपल्या घराखालच्या पाण्याच्या टाकीसारखा. त्यात कॅल्शियम भरून ठेवलेलं असतं. बाहेरून निरोप आला की झडप उघडते, कॅल्शियम बाहेर पडतं आणि पेशीला कळतं, चला, कामाला लागा. मग मोटार ते परत संपात ओढते. हे सारखं चालू असतं. ते केव्हा आणि किती, याचं गणित मी मांडते."

"गणित कशाला?" उषाताई म्हणाल्या. "वॉचमन ठेवा. आपली मोटार तोच सांभाळतो."

संस्थेने वॉचमनच्या जागी डॉ. प्रशांत यांना ठेवलं होतं. ते तेजश्रीचे मार्गदर्शक. पुण्याहून आले होते, आणि हवेपासून बिर्याणीपर्यंत हैदराबादेतल्या सगळ्या गोष्टी त्यांनी माफ केल्या होत्या. त्यांचं एक तत्त्व होतं: समीकरण आणि पेशी यांच्यात मतभेद झाल्यास आधी समीकरणाची बाजू ऐकून घ्यावी.

मतभेद लगेचच झाले. भाग्यलक्ष्मी ही तेजश्रीची मैत्रीण शेजारच्या खोलीत पेशी वाढवायची. कॅल्शियम वाढलं की चमकणारा रंग ती पेशींत भरायची आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्यांचं चित्रण करायची. त्या चित्रणात सगळ्या पेशी एका ठेक्यात चमकत आणि विझत. तेजश्रीच्या समीकरणांतून मात्र तो ठेका काही केल्या निघेना.

"एक स्थिरांक वाढवून बघ," सर म्हणाले. तिने वाढवला. "आणखी एक." तिने आणखी एक वाढवला. असे स्थिरांक वाढत वाढत तेवीस झाले. (तेवीस स्थिरांकांत हत्तीचीही चाल बसवता येते आणि वाटल्यास सोंडही हलवता येते, असं गणितवाले खासगीत कबूल करतात.) मग एके दिवशी समीकरणांचा आलेख पेशींच्या आलेखावर असा बसला, की दोन रेषा आहेत हे शपथेवर सांगावं लागलं असतं.

सरांनी पेढे मागवले. वार्षिक आढावा समिती येणार होती. तिच्यासमोर तेजश्रीने हा आलेख दाखवायचा, समितीने माना डोलवायच्या आणि प्रबंधाला परवानगी द्यायची, असं ठरलं. एका कंपनीत तिच्या नोकरीचं बोलणंही चालू होतं, तेही या परवानगीवर अडलं होतं.

आढाव्याच्या आदल्या दिवशी भाग्यलक्ष्मी तिच्या टेबलाशी येऊन उभी राहिली. पडलेल्या चेहऱ्याने म्हणाली, "अगे, एक बात बोलूं? गुस्सा नक्को होना."

"बोल ना."

"वो डिश हैना, पिछले हफ्ते की? मैं भूल गई थी. सब पेशियां मर गईं. आज ऐसेच सूक्ष्मदर्शक के नीचे रखी. तो भी वैसेच चमक रईं. उसीच ठेके में."

तेजश्री उठली आणि तिच्याबरोबर गेली. पेशी खरोखरच मेल्या होत्या, आणि मरूनही ठेका सोडत नव्हत्या. अशी कर्तव्यनिष्ठा तिने सरकारी नोकरीतही पाहिली नव्हती. ती बघत उभी राहिली. खिडकीतला जुना एसी घर्रर्र करून सुरू झाला आणि पडद्यावरची चमक खाली गेली. एसी बंद पडला, चमक वर आली. खोली गार झाली की सूक्ष्मदर्शक केसभर आकसायचा आणि चित्र अंधूक व्हायचं, बस इतकंच. तेजश्रीने एसीचं बटण बंद केलं. थोड्या वेळाने सगळ्या पेशी रीतसर मेल्यासारख्या दिसू लागल्या.

म्हणजे तेवीस स्थिरांकांनिशी तिने एका एसीचं अचूक गणित मांडलं होतं.

सर शांतपणे सगळं ऐकून घेऊन म्हणाले, "यात वाईट काय आहे? मॉडेल पेशीलाही लागू, एसीलाही लागू. याला व्यापकता म्हणतात."

"सर, ते पेशीला लागू नाहीये. फक्त एसीला आहे."

"हे समितीला माहीत आहे का?"

"नाही."

"मग उद्या समितीच्या ज्ञानात उगाच भर घालू नकोस. आधी परवानगी मिळू दे."

दुसऱ्या दिवशी ती समितीपुढे उभी राहिली. आलेख पडद्यावर आला, माना डोलल्या. एक ज्येष्ठ सदस्य "वा!" म्हणाले. आता नुसतं "धन्यवाद" म्हणून खाली बसलं, की प्रबंध, नोकरी, सगळं मार्गी लागणार होतं. तिने पाण्याचा घोट घेतला आणि बोलून टाकलं. "हा ठेका पेशींचा नाही. खोलीतल्या एसीचा आहे. मेलेल्या पेशीही असाच आलेख देतात. मी तपासलंय."

सर छताकडे बघू लागले.

"कोणत्या कंपनीचा एसी?" अध्यक्षांनी विचारलं. (कार्यवृत्तात हा प्रश्न ‘सखोल चर्चा’ म्हणून नोंदला गेला.)

सखोल चर्चेअंती प्रबंधाची परवानगी पुढे ढकलण्यात आली, तेजश्रीला प्रामाणिकपणाबद्दल समज देण्यात आली आणि एसी बदलण्याबाबत उपसमिती नेमण्यात आली. नोकरी हुकली. त्या संध्याकाळी ती आणि भाग्यलक्ष्मी इराणी हॉटेलात दोन चहा घेऊन बसल्या. मग भाग्यलक्ष्मी म्हणाली, "तेरे वास्ते मैं फिर से पेशियां उगाती. इस बार जिंदी."

उपसमितीचा अहवाल येईपर्यंत दोघींनी सूक्ष्मदर्शकाभोवती थर्माकोलची पेटी बांधली आणि आत तापमान कायम ठेवायची सोय केली. आता जिवंत पेशी काय करतात ते दिसू लागलं. कुणी मनाला येईल तेव्हा चमकायची, कुणी चमकून बराच वेळ आराम करायची, कुणी ढिम्म हलायची नाही. एकीचा ठेका दुसरीला ठाऊक नव्हता. तेजश्रीला कित्येक महिन्यांनी मनापासून हसू आलं. तिने तेवीसपैकी अठरा स्थिरांक काढून टाकले आणि समीकरणांत लहरीपणाला जागा दिली. आलेख आता पूर्वीसारखा तंतोतंत बसत नव्हता, पण जिथे बसत होता तिथे खरा होता. त्यावर प्रबंध झाला. ‘पेशी पुढच्या वेळी नेमकी केव्हा चमकेल, हे आधी सांगता येत नाही,’ हा त्याचा निष्कर्ष. सरांनी तो स्वतःच्या व्याख्यानांतून उत्साहाने मांडायला सुरुवात केली.

एका बातमीदाराने असंच एक व्याख्यान अर्धं ऐकलं, आणि बातमी फिरली: ‘हैदराबादच्या शास्त्रज्ञांनी शोधली पेशींची वेळ, कॅल्शियमसाठी सकाळी सात वाजता एक मूठ तीळ खा, चमत्कार पाहा!’

तेजश्रीने खुलासा लिहिला: असं काहीही सिद्ध झालेलं नाही. तो पाच ओळींचा होता आणि सोपा होता. व्हॉट्सॲपच्या ज्या ज्या गटांत बातमी फिरली, त्या सगळ्यांत तिने तो पाठवला. तुमच्याही गटात तो सकाळी सात वाजता आला, पण तेव्हा तुमचे दोन्ही हात तिळात होते.