वीस रताळी

"पेज पिणाऱ्यांना कसला आलाय दम!" अंधेरीच्या क्लबाचे सेक्रेटरी चंद्रप्रकाश चारचौघांत म्हणाले आणि मग मार्कसचा अर्ज त्यांनी दोन बोटांनी उचलला. हे मरोळला कळलं तेव्हा मार्कसची आई इनेझबाई चुलीपुढून ताडकन उठली. क्लबाच्या पाच मैलांच्या शर्यतीत धावणारा तिचा पोरगा गावातला पहिलाच. आता नुसतं धावून भागणार नव्हतं. जिंकायलाच हवं होतं.

शेजारचा नंदकुमार मदतीला आला. मॅट्रिक नापास, पण रद्दीतलं शरीरशास्त्राचं पुस्तक कोळून प्यालेला.

"मावशी, स्नायूंतली एकेक पेशी म्हणजे शेगडी. अन्नातली साखर हा कोळसा, प्राणवायू ही हवा. दोन्ही मिळाले की ताकद! हवा कमी पडली की पायांत आंबट द्रव्य साठतं, पाय शिशाचे होतात."

"मग पेजेनं काय घोडं मारलंय?"

"पेज म्हणजे पाणी गं! शर्यतीच्या सकाळी वीस रताळी घाल त्याला."

"अरे, माझी शेगडी गच्च भरली तर नुसती धुमसते."

"हे शास्त्र आहे, मावशी."

शास्त्र म्हटल्यावर इनेझबाईनं रताळी उकडायला टाकली. त्याचा स्वतःवरचा राग तिला पुढे कितीतरी दिवस येत राहिला.

मार्कसनं सतरा रताळी खाल्ली. उरलेली तीन नंदकुमारनं त्याच्या तोंडात कोंबली. पहिल्या मैलाला पोटाचा नगारा झाला. दुसऱ्याला बरगडीखाली कळ आली, श्वास अर्ध्यातच अडू लागला. नंदकुमार शेजारून सायकल हाणत ओरडत होता, "प्राणवायू घे, मार्कस! प्राणवायू!"

"ठेवू कुठे, गाढवा?"

तिसऱ्या मैलाला, गावच्या ओढ्यापाशी मार्कस वाकला आणि सगळं शास्त्र ओढ्यात गेलं. क्लबवाले हसत पुढे निघून गेले. काठावर उभ्या इनेझबाईनं पदरानं त्याचं तोंड पुसलं आणि पाठीत एक सणसणीत गुद्दा घातला.

"झाली शेगडी रिकामी. आता पळ!"

मार्कस असा सुटला की बघत राहावं. छाती मोकळी झाली, पाय हलके झाले. लोण्या-अंड्यांवर पोसलेले एकेक गडी मागे पडत गेले. सगळ्यांत पुढे असलेला तर शेवटच्या दोरीपासून दोन हातांवर मागे पडला.

नंदकुमारचा आ मिटेना. "पण मावशी, कोळसा तर ओढ्यात गेला. मग हा पळाला कशावर?"

"पेजेवर. बावीस वर्षं रोज भरतेय मी ती शेगडी."

तेवढ्यात चंद्रप्रकाश आले, टोपी हातात घेऊन. "बाई, सकाळी काय खायला दिलंत पोराला?"

इनेझबाईला खोटं बोलायची सवय नव्हती. "वीस रताळी," ती म्हणाली. पुढचं त्यांनी विचारलं नाही, आणि तिनं सांगितलं नाही.

पुढच्या वर्षी क्लबाचे अकरा गडी ओढ्यावर ओळीनं वाकले होते. चंद्रप्रकाश तांब्या घेऊन एकाकडून दुसऱ्याकडे पळत होते. मार्कस त्यांच्या बाजूनं शीळ घालत निघून गेला.

इनेझबाई काठावरच होती. "सेक्रेटरीसाहेब, घरी न्या बिचाऱ्यांना," ती म्हणाली, "आणि थोडी पेज पाजा. दम येईल."