साहेब ऑफ झाले

इंग्रजी शब्दांच्या बाबतीत मला कुणी शिकवायला जाऊ नये! आमच्या ऑफिसात शब्द अडला की लोक डिक्शनरी उघडत नाहीत, माझ्या टेबलाशी येतात. आता 'ऑफ' हा शब्दच घ्या. पंखा ऑफ होतो, मूड ऑफ होतो, आणि माणूस ऑफ झाला म्हणजे गेलाच. यात शंकेला जागा कुठे आहे?

त्या मंगळवारी मी साहेबांच्या केबिनपाशी घुटमळत होतो. हेडक्लार्कच्या बढतीचं माझं पत्र चार दिवस त्यांच्या टेबलावर सहीवाचून पडलं होतं. तेवढ्यात टेलिफोनवाल्या बाई म्हणाल्या, "आत कुणी नाही. साहेब ऑफ झाले. आत्ताच घरून फोन होता."

"अहो, काल तर चांगले होते!"

"दाताचं निमित्त झालं. रात्रभर तळमळले म्हणे बिचारे."

दातानेसुद्धा माणूस जातो? खरं सांगतो, मला रडू आलं. थोडं साहेबांसाठी, बरंचसं पत्रासाठी. हातातोंडाशी आलेला घास गेला!

पण मी लगेच सावरलो. फुलं आणवली, ती साहेबांच्या खुर्चीत ठेवली आणि सगळ्यांना केबिनमध्ये गोळा केलं. बाई तेवढ्या फोन सोडून येईनात. दोन मिनिटं शांततेत उभं राहिल्यावर मी बोलायला लागलो. बोलता बोलता नजर त्या पत्रावर गेली आणि जीभ घसरली.

"काल संध्याकाळी साहेबांनी माझा हात हातात घेतला," मी गहिवरून म्हणालो. "म्हणाले, 'हेडक्लार्क तुम्हीच व्हायचं. ही माझी शेवटची इच्छा समजा.'"

कॅशियर हुंदके देत होता, तो एकदम थांबला. सगळे माझ्या मागे बघत होते. मी वळलो. दारात साहेब उभे! गाल टम्म सुजलेला, तोंडात कापसाचा बोळा.

त्यांच्यामागून बाई डोकावल्या. "साहेब चष्मा विसरले होते ना, तो न्यायला आलेत."

"बाई, तुम्ही तर म्हणालात ऑफ झाले!"

"मग? सुट्टीवर नाहीत का? मी आधी दवाखान्यात नर्स होते. ड्युटी नसली की आम्ही ऑफच म्हणायचो."

साहेबांना बोलता येत नव्हतं. त्यांनी खुर्चीतली फुलं उचलून माझ्या हातात दिली, चष्मा लावला, माझं पत्र पुढे ओढलं आणि पेन उघडलं. सहीला लागतो त्याहून बराच जास्त वेळ ते लिहीत होते.

पत्रावर लिहिलं होतं, 'माझी शेवटची इच्छा अजून ठरलेली नाही. ठरल्यावर कळवीन. तोपर्यंत बढती स्थगित.'

साहेबांची तब्येत आता एकदम ठणठणीत आहे. मी रोज सकाळी चौकशी करतो.